थंड चुलीची बातमी

प्रिय इरा आणि नील,

हे मराठीत लिहिते आहे, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो इंग्रजीत नीट बसत नाही. मी प्रयत्न केला, पानभर लिहिलं आणि फाडून टाकलं. नील, तुला जिथे अडेल तिथे बाबाला वाचायला सांग. त्यालाही अडलं तर मला फोन करा. तुमच्या सकाळी करा, तेव्हा इथे संध्याकाळ असते आणि मी मोकळी असते.

आत्ताच का लिहिते, ते इराला ठाऊक आहे. नीलसाठी सांगते. तुझी ताई टेलिव्हिजनवर राजकीय बातमीदार झाली त्याला अजून वर्षही झालेलं नाही, आणि परवा तिने कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलं की एका उमेदवाराने माघार घेतली. त्याच्या कचेरीला भर दुपारी कुलूप होतं, ते तिने स्वतः पाहिलं होतं. तो दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. "आजी, माझं संपलं, मी हे काम सोडते," असं ती मला फोनवर म्हणाली, आणि मी हसले. तिने रागावून फोन ठेवला. इरा, मी तुला हसले नव्हते. मला खेर्डेकाका आठवले.

मी शाळेत होते तेव्हा माझ्या वडिलांची सांगलीहून जयपूरला बदली झाली. वडील केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात होते. मी आज जिथे बसून लिहिते आहे ते मालवीय नगर तेव्हा नव्हतंच, इथे शेतं होती. आम्ही बनीपार्कात राहायचो, एका प्रशस्त बंगल्याच्या खालच्या मजल्यावर. वर मालकीणबाई राहायच्या. त्यांना सगळे अम्माजी म्हणत. मागे आवारात दोन खोल्या होत्या, आणि एका हिवाळ्यात त्या खोल्यांत सायकल, ट्रंक आणि टाइपरायटर घेऊन वामनराव खेर्डे राहायला आले. मूळचे अकोल्याचे. दिल्लीच्या एका इंग्रजी दैनिकाने त्यांना राजस्थानचा राजकीय बातमीदार म्हणून नेमलं होतं.

उंच माणूस, पण चालताना थोडा पुढे झुकलेला, जणू समोरचा हळू बोलतो आहे. अंगात बारमाही तपकिरी कोट. डाव्या खिशात फुटाणे, उजव्या खिशात पेन्सिली. कुणी गप्प बसला की डावा खिसा पुढे करायचे. "खा ना बाप्पा," म्हणायचे. "तोंड चालू झालं का माणूस बोलते." इंग्रजी लिहायचे ते काटेकोर. माझ्या मिशनच्या शाळेतल्या बाईंनी एकदा त्यांचा मजकूर वर्गात वाचून दाखवला होता. हिंदी बोलायचे ती मात्र वऱ्हाडीला नुसती टोपी घातलेली. जयपूरचे मंत्री, त्यांचे सचिव, टांगेवाले, सगळ्यांशी ते तीच बोलत आणि सगळ्यांना ती कळे.

काकू अजून अकोल्याला होत्या. घर लागेपर्यंत काका आमच्याकडे जेवत. माझी आई सांगलीची, तिखटाचा हात बेताचा. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "वहिनी, भाजी झकास हाय. तिखट नंतर येते काय?"

"भाऊजी," आई म्हणाली, "आमच्याकडे तिखट भाजीत असतं. बोलण्यात नसतं."

त्या दिवसापासून त्यांचं गोत्र जमलं. ताटाशेजारी एक वाटी तिखटाची ठेवायची, हा आमच्या घरचा नियम झाला.

काकांचा धंद्यातला एक सिद्धांत होता आणि तो ते जेवताना आम्हाला ऐकवत. पुढारी खोटं बोलेल, त्याचा सचिव खोटं बोलेल, पण त्याचं स्वयंपाकघर खोटं बोलणार नाही. नागपुरात त्यांनी एका घराच्या मागच्या अंगणात बुंदीच्या कढया चढलेल्या पाहिल्या होत्या. यादी जाहीर व्हायच्या आत त्या घरातला माणूस मंत्री होणार हे छापून मोकळे झाले, आणि खरे ठरले. जयपूरची नेमणूक त्या बुंदीवर मिळाली, असं ते स्वतःच सांगत. "चूल पाहाची," ते म्हणत. "ज्याचं नशीब पेटते त्याची चूल आधी पेटते."

वडील हिशेबखात्यातले. ते म्हणायचे, "खेर्डे, एका बुंदीवरून नियम बसवू नका."

"साहेब, बुंदी आपल्या डोळ्यानं पाह्यली हाय मी!"

त्याच साली निवडणुका झाल्या आणि होळीनंतर नवं मंत्रिमंडळ बनायचं होतं. सगळ्यांची नजर एका माणसावर होती. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते आधी वकिली करत आणि शहर त्यांना वकीलसाहेबच म्हणे, आपणही तेच म्हणू. ते मंत्री होणार की डावलले जाणार, यावर चौड्या रस्त्यावरच्या पानवाल्यापासून टाउन हॉलमध्ये भरणाऱ्या विधानसभेपर्यंत पैजा लागलेल्या होत्या.

काका यादीच्या मागावर दिल्लीला गेले होते. हात हलवत परतले, ते सकाळच्या गाडीने. स्टेशनावरून घरी न येता टांगा करून थेट वकीलसाहेबांच्या घरी गेले. आणि तिथे त्यांनी काय पाहिलं? फाटक उघडं. अंगण रिकामं. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर नाही. मागच्या बाजूला जाऊन डोकावले, तर चूल सारवून गार पडलेली. दारात फक्त म्हातारा चौकीदार. काकांनी विचारलं, साहेब कुठे आहेत? तो म्हणाला, "सब चाकसू गया छै."

चाकसू हे टोंक रस्त्यावरचं लहानसं गाव. ज्या दिवशी दिल्लीहून यादी यायची, त्या दिवशी माणूस बायकामुलांसकट शहर सोडून चाकसूला जातो! चौकीदाराने चहाचंही विचारलं नाही. काकांना आणखी काय हवं होतं? त्यांनी तारघर गाठलं आणि तार केली: वकीलसाहेबांना डावललं, नाराज होऊन सहकुटुंब चाकसूला प्रयाण.

दिवसभर ते विधानसभेच्या आवारात फिरत होते. दिवेलागणीला आमच्याकडे जेवायला आले ते शीळ घालत. मी पानं घेत होते. आईने वाढलं: पुऱ्या, गुळाचे पुए, दहीवडे, राबडी. सगळं गार.

काकांनी पुरी मोडली. "वहिनी, आज सगळं थंडं काहून?"

"आज बास्योडा ना इथला," आई म्हणाली. "अम्माजींनी कालच सांगून ठेवलं होतं. शीतलामातेचा दिवस. गावात कुणी चूल पेटवत नाही. काल रांधलेलं आज खायचं. आपल्याकडे शिळासप्तमी असते तसंच, पण आपली श्रावणात. म्हटलं, अम्माजींच्या घरात आपलाच धूर कशाला?"

काकांचा घास हातातच राहिला.

"कोनीच पेटवत नाही?"

"कुणीच नाही. आणि चाकसूला मोठी जत्रा. निम्मं जयपूर आज तिकडे लोटलंय. अम्माजीसुद्धा पहाटेच्या मोटारीने गेल्या."

मी आयुष्यात कुणाचा चेहरा इतक्या झरझर उतरताना पाहिला नाही. "बाप्पा!" एवढंच म्हणाले आणि उठले. हातही धुतला नाही. वडील त्यांच्यामागे दुसरी सायकल घेऊन निघाले. तारघरातून दिल्लीला ट्रंककॉल लावला. तो लागायला जो वेळ लागला तो लागला, आणि लागला तेव्हा संपादकांनी सांगितलं की दिल्लीच्या अंकातून बातमी काढता येईल, पण बाहेरगावी जाणारा अंक संध्याकाळीच छापून गाडीत चढला आहे.

म्हणजे दिल्लीत ती बातमी कुणी वाचली नाही. जयपुरात सगळ्यांनी वाचली.

दुसऱ्या दिवशी अंक आला आणि त्याच दिवशी यादीही आली. वकीलसाहेबांचं नाव यादीत होतं, आणि वरच्या बाजूला होतं. चाकसूला ते रुसून गेले नव्हते. शपथ घेण्याआधी सहकुटुंब मातेच्या पायावर डोकं ठेवायला गेले होते. त्या दिवशी जयपूर जे हसलं! काका सायकलवरून निघाले की पानवाले ओरडत, "पत्रकारजी, आज हमारा चूल्हा भी देख लो!"

हसण्याचं काही नव्हतं. संपादकांची तार आली: महिनाअखेर दिल्लीला परत या, इथे टेबलावर बसून दुसऱ्यांचा मजकूर तपासा. बातमीदाराला हे म्हणजे घोडेस्वाराला खोगिराच्या दुकानात बसवण्यासारखं. तिकडे अकोल्याला काकूंनी घर सोडलं होतं आणि सामान मालगाडीत चढलं होतं.

जयपूरचे इतर बातमीदार भले लोक होते. ते समजूत घालायला आले आणि मागच्या खोलीत खाटेवर बसून फुटाणे खाऊ लागले. सगळ्यांचा सल्ला एकच. "लिख दो, विश्वसनीय सूत्रों ने गुमराह किया. सब यही लिखते हैं."

"सूत्र कोन? मीच ना?" काका म्हणाले. "माह्या डोळ्यायनं मले काय गुमराह केलं? डोळ्यायनं बरोबर पाह्यलं. चूल थंडी होती. काहून थंडी हाय, हे मी इचारलंच नाही!"

त्यांनी खुलासा लिहिला. मला तो अजून पाठ आहे, कारण नंतर कित्येक वर्षं वडील मला इंग्रजी निबंध कसा लिहावा याचा नमुना म्हणून तो म्हणायला लावत. मी एक थंड चूल पाहिली. त्या दिवशी शहरातली प्रत्येक चूल थंड होती. मी कुणालाही कारण विचारलं नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. खाली पूर्ण नाव. संपादकांनी तो छापला. पण दिल्लीला बोलावणं काही मागे घेतलं नाही.

मग काका म्हणाले, वकीलसाहेबांना समक्ष भेटून माफी मागायची. वडील सोबत निघाले आणि त्यांनी मलाही बरोबर घेतलं. "शिव्या बसायच्या असतील तर मूल बरोबर असावं," ते आईला म्हणाले. "निम्म्या कमी बसतात."

वकीलसाहेब ओसरीवर गादीला टेकून बसले होते. गोल चेहरा, जाड भिंगांचा चष्मा. काका हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या त्या हिंदीत म्हणाले, "साब, हमने गलत लिखा. माफी मांगने को आया."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पत्रकारजी, चूल्हा ठंडा था," ते म्हणाले, "किस्मत थोड़े ही ठंडी थी!" आणि पोट धरून हसायला लागले.

त्यांच्या पत्नी पडद्याच्या दारातून बाहेर आल्या. त्यांना सारे भाभीसा म्हणत. त्या हसत नव्हत्या. "चौकीदार से पूछा, कहाँ गए. यह क्यों नहीं पूछा कि क्यों गए? पूछ तो लेते, भाईसाब!"

काकांनी मान खाली घातली. मला वाटतं, त्यांना लागलं ते एवढंच वाक्य.

मग भाभीसा आत गेल्या आणि एक पितळी डबा घेऊन आल्या. त्यात बास्योड्याचे उरलेले पुए होते. डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "इनको खिलाना. अगली बार ठंडा खाना पहचान लेंगे."

त्यानंतर वकीलसाहेब दिल्लीला गेले तेव्हा त्या दैनिकाच्या संपादकांना भेटले. काय बोलले ते संपादकांनीच पुढे काकांना सांगितलं: "जो आदमी अपनी गलती नाम देकर छापता है, वह मेरी गलती भी ठीक से छापेगा. उसे जयपुर में रहने दीजिए." काका राहिले. काकूंचं सामानही पोचलं, आणि सामानाच्या मागोमाग काकू.

काकू ठेंगण्या, खणखणीत. पहिल्याच दिवशी सगळी हकिगत आईकडून ऐकून म्हणाल्या, "घरची चूल पेटली का नाही हे या माणसानं आजलोक कधी पाह्यलं नाही, अन् मंत्र्याची पाहाले गेले!"

काकांचा सिद्धांत या प्रकरणानंतर बदलला. स्वयंपाकघराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट कुणी काही सांगू लागलं की मधेच विचारायचे, "इचारलं काय?" मी सांगायचे, काका, शाळेत नव्या बाई येणार आहेत. "इचारलं काय?" वडील म्हणायचे, उद्या सुट्टी असावी. "इचारलं काय, साहेब?" एकदा दूधवाल्याने सांगितलं, म्हैस आटली, तर काकू आतून ओरडल्या, "हिले इचारलं काय म्हनाव!"

डब्याचंही एक सुरू झालं. डबा रिकामा परत पाठवायचा नाही ही आपली रीत. काकूंनी त्यात तिखट चिवडा भरून पाठवला. त्या घरात तो कुणाला झेपला असेल असं वाटत नाही, पण पुढच्या बास्योड्याला डबा पुए भरून परत आला. मग दर वर्षी तसंच. वकीलसाहेबांची सरकारी मोटार आमच्या फाटकाशी थांबायची, ड्रायव्हर डबा द्यायचा आणि निरोप सांगायचा, "भाभीसा ने कहलवाया है, आज बास्योड़ा है, कुछ लिख मत देना."

अशी बरीच वर्षं गेली. मी शाळेतून कॉलेजात गेले, वडिलांची बढती झाली पण त्यांनी जयपूर सोडलं नाही, आणि वकीलसाहेबांकडे पाणीपुरवठ्याचं खातं आलं. एका दुष्काळी वर्षी काकांच्या कानावर आलं की काही गावांत विहिरी खोदून झाल्याचं सरकार सांगतं, पण तिथे विहिरी नाहीत. काका बसने गेले, पुढे उंटगाडीने गेले, आणि परत आले तेव्हा कोटाचा रंग ओळखू येत नव्हता. विहिरींच्या जागी गुडघाभर खड्डे होते. या वेळी मात्र ते नुसते पाहून आले नव्हते. गावच्या पंचांना विचारलं, ठेकेदाराला विचारलं, इंजिनिअरला विचारलं. मजकूर लिहून तयार होता. उरले होते एकटे वकीलसाहेब.

त्या संध्याकाळी काकू आमच्या ओसरीवर आल्या त्या धुसफुसत. "वहिनी, तुमीच सांगा. ज्या घरून दरसाली डबा येते त्या घरावर लिहाचं काय?"

काका मागोमाग आले होते. "डबा येते म्हनून इचाराले चाललो काय मी? न येता तरी गेलोच असतो."

"अन् मंग डबा बंद झाला म्हंजे?"

काका फुटाण्याच्या खिशात हात घालून उभे राहिले. हातात फुटाणे आहेत आणि तो माणूस खात नाही, असं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्यांना त्या घराचा लळा लागला होता. सगळं शहर हसत असताना जे एक घर त्यांच्या पाठीशी उभं राहिलं, ते हे.

ते गेले आणि विचारून आले. काय झालं ते त्यांनी वडिलांना सांगितलं. वकीलसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की कागद माझ्यापुढे आले, मी सह्या केल्या, त्या गावांना मी गेलो नाही. पैसा खाल्ला असेल तो खालच्यांनी. पण सही माझी आहे. "हेच छापू काय?" काकांनी विचारलं. "पूरा छापिए," ते म्हणाले. "आधा मत छापिए."

पूर्ण छापलं. विधानसभेत गदारोळ झाला आणि काही दिवसांनी वकीलसाहेबांनी राजीनामा दिला.

काका त्या दिवशीही त्यांच्या घरी गेले, बातमीदार म्हणून. भाभीसा दारातच भेटल्या आणि त्यांना सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन गेल्या. चूल धडाडून पेटली होती. "देख लीजिए, चूल्हा गरम है," त्या म्हणाल्या, "और मंत्री नहीं रहे. अबके दोनों बातें सही लिखना." हे त्या रागाने म्हणाल्या की कशाने, ते काकांना सांगता येईना. त्या थंड चुलीनंतर पहिल्यांदाच त्यांनी विचारलं नव्हतं.

मग होळी आली, आणि होळीनंतरचा बास्योडा. सकाळपासून आमच्या आवारात कुणाचं लक्ष कशात नव्हतं. आई आणि काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या. त्या दिवशी रांधायचंच नव्हतं, तर तांदूळ कशाला, हे मी विचारलं नाही. काका आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटत नव्हतं. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की पेपर किंचित खाली यायचा, मोटार पुढे गेली की वर जायचा.

"आता काय येते," काकू शेवटी हळू म्हणाल्या. "मोटार तं सरकारनं काढून घेतली."

तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. टांग्यात मागे वकीलसाहेब स्वतः बसले होते, धोतर सावरत, आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला तो पितळी डबा.

काका धावत फाटकापर्यंत गेले. वकीलसाहेबांनी खाली उतरायच्या आधी डबा त्यांच्या हातात ठेवला. "मोटर गई, पत्रकारजी," ते म्हणाले. "डिब्बा तो हमारा अपना है."

त्या दिवशी वकीलसाहेब आमच्या ओसरीवर सगळ्यांबरोबर गार पुऱ्या खात दुपारपर्यंत बसले. आईने सवयीने काकांच्या ताटाशेजारी तिखटाची वाटी ठेवली. वकीलसाहेबांनी चटणी समजून बोट बुडवलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. काकांनीही काढलं. त्यांनी तिखट खाल्लं नव्हतं.

साठ सालानंतर दिल्लीत टेलिव्हिजनवर बातम्या सुरू झाल्या, आणि ते दशक संपत आलं तेव्हा काकांना तिथून बोलावणं आलं. राजकीय बातम्या लिहायच्या आणि कधीकधी पडद्यावर येऊन स्वतः सांगायच्या. आम्ही कुणीच टेलिव्हिजन पाहिला नव्हता. काकांना सांगण्यात आलं की समोर माणूस नसतो, एक काच असते, तिच्याकडे बघून बोलायचं. समोर माणूस नाही म्हणजे फुटाणे कुणाला द्यायचे, ही त्यांची पहिली शंका. सराव म्हणून ते फळीवरच्या पितळी डब्याच्या चकचकीत पोटाकडे टक लावून मोठ्याने बातम्या सांगत. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले होते, उच्चार तपासायला मला बसवलेलं असे.

"पाहा बाई," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "संसारभर माह्याशी बोलाले वेळ नव्हता, आता डब्याले बातम्या सांगून राह्यले."

"डबा मधात बोलत नाही ना," काका म्हणाले.

जाताना काकूंनी डबा आईकडे दिला. "हा जयपूरचा हाय, जयपुरातच राहू द्या." आई तो भरून परत पाठवायची, आणि भाभीसा असेपर्यंत दर बास्योड्याला तो आमच्या घरी येत राहिला.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या लग्नानंतर. तुमचे आजोबा आणि मी दिल्लीत त्यांच्या मावशींकडे उतरलो होतो. शेजारच्या घरी टेलिव्हिजन होता आणि संध्याकाळी अख्खी गल्ली त्या बैठकीत सतरंजीवर बसायची. आम्हीही बसलो. पडद्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, मग चित्र स्थिरावलं, आणि समोर खेर्डेकाका. तोच कोट, काळ्यापांढऱ्यात तो करडा दिसत होता. थोडे पुढे झुकलेले. राजस्थानात पुन्हा काही उलथापालथ चालली होती, आणि कोण पक्ष सोडणार याच्या वावड्या उठल्या होत्या. काकांनी जे घडलं ते सांगितलं. मग एका पुढाऱ्याचं नाव घेऊन आपल्या त्या हिंदीत म्हणाले, "ये भी छोड़नेवाले हैं, ऐसा सुनते हैं. उनसे अभी पूछा नहीं है. पूछूँगा, तब बताऊँगा."

एवढं बोलून ते काचेकडे बघत राहिले, अगदी त्या डब्याकडे बघायचे तसे. माझी खात्री आहे, त्यांचा डावा हात खिशात होता.

सतरंजीवरचे एक आजोबा वैतागून म्हणाले, "पूछा नहीं, तो आए किसलिए?" सगळी बैठक हसली. मीही हसले, सगळ्यांपेक्षा जास्त. तुमच्या आजोबांनी मला कोपराने ढोसलं, "काय झालं?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

इरा, तू खुलासा केलास ना, तुझ्या नावाने? मग झालं. त्या उमेदवाराला जाऊन भेट. दात कसा आहे ते विचार.

खेर्डेकाका, काकू, वकीलसाहेब, भाभीसा, कुणी आता नाही. बनीपार्कातला बंगला पाडून तिथे चार मजले उभे राहिले. घर बदलताना डबाही कुठेतरी गेला. त्याचं झाकण राहिलं आहे. कडेला एक पोचा आहे, पण बसतं नीट. रोज दूध तापवलं की मी तेच झाकते.

तुमची,
आजी